लायटरमधल्या वायूचे मोलर वस्तुमान

आदर्श वायूच्या PV = nRT या समीकरणात (P दाब, V आकारमान, n मोलची संख्या, R वायू स्थिरांक, T केल्विनमधले तापमान) n च्या जागी वस्तुमान m भागिले मोलर वस्तुमान M, म्हणजे एका मोलचे ग्रॅममधले वस्तुमान, लिहिले की M = mRT/PV मिळते. गणित एवढेच. खरी कसोटी मोजमापाची, आणि ती लायटरमधल्या ब्युटेनवर छान पाहता येते.

चकमक काढून टाकलेला लायटर आधी पाण्यात बुडवून, पुसून, कोरडा करून ०.००१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तोला. मोजपात्र पाण्याने काठोकाठ भरून पाण्याच्या टबात उपडे धरा; आत हवेचा बुडबुडा नको. लायटर त्याच्या तोंडाखाली धरून १०० मिलिलिटर वायू सोडा. बाहेर सुटलेला बुडबुडा वजनात धरला जातो, आकारमानात नाही, म्हणून M फुगतो. जवळपास ज्योत किंवा ठिणगी अजिबात नको.

बाहेर पडताना वायू थंड होतो, म्हणून काही मिनिटे थांबा. मग मोजपात्र वर-खाली करून आतली-बाहेरची पाण्याची पातळी एक करा. १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर पारा, जवळजवळ एक टक्का चूक.

समजा वजनातली घट ०.२३० ग्रॅम, तापमान २७ अंश सेल्सिअस, हवेचा दाब ७५२ मिलिमीटर. वायूत पाण्याची वाफही असते. २७ अंशांना तिचा दाब २६.७, म्हणून ब्युटेनचा ७२५.३. R = ६२.३६ (लिटर, मिलिमीटर पारा), T = ३०० केल्विन. उत्तर येते ५९.३ ग्रॅम प्रति मोल. पुस्तकी आकडा ५८.१.

वाफ वजा करायची राहिली तर ५७.२ येते. तेही पटण्यासारखेच दिसते, म्हणून ही चूक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही! दाबाचीही तीच गत: हवामानाच्या बातमीतला आकडा बहुधा समुद्रसपाटीला आणलेला असतो. ६०० मीटर उंचीवर खरा दाब सुमारे सात टक्के कमी भरतो.

सगळ्यांत घातक मात्र लायटरच्या खाचेत अडकलेले पाणी. दुसऱ्यांदा तोलताना एक थेंब, ०.०५ ग्रॅम, राहिला की घट ०.१८० दिसते आणि M ४६.४ वर कोसळतो. लायटर पहिल्या वेळीही भिजवून पुसायचा तो याचसाठी: जे पाणी निघतच नाही, ते दोन्ही वजनांत सारखे राहते.

सगळे नीट केले तरी आकडा दोन-तीन टक्के वर जाऊ शकतो. ब्युटेनचे रेणू एकमेकांना ओढतात, त्यामुळे वायू आदर्श वायूपेक्षा थोडी कमी जागा व्यापतो. उलट, इंधनात ४४ मोलर वस्तुमानाचे प्रोपेन मिसळलेले असेल तर आकडा खाली येतो. आयसोब्युटेनने काहीच बिघडत नाही. त्याचे सूत्र ब्युटेनचेच.