लाल विंचू आणि न मिटणारी दारे

माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत बांधाचे दगड हलवताना किंवा कडब्याची पेंढी उचलताना लाल विंचवाने नांगी मारली, तर तपासणारा डॉक्टर ठणक किती आहे एवढेच विचारून थांबत नाही. अंगाला दरदरून घाम सुटला आहे का, उलटी झाली का, हातपाय गार पडले आहेत का, हे तो आधी पाहतो. नांगी लागलेली असते बोटाला, आणि संकट उभे राहते हृदयावर व फुप्फुसांवर. या विषाचे लक्ष्य रक्त नाही की मांस नाही. पेशीच्या पडद्यात बसलेली काही प्रथिने हे त्याचे लक्ष्य आहे. या प्रथिनांना आयन वाहिन्या म्हणतात.

पेशीचा पडदा स्निग्ध पदार्थाचा असतो आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाएवढी असते. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे विद्युतभारित कण, म्हणजेच आयन, या तेलकट थरातून आपोआप पार होऊ शकत नाहीत. पेशी ऊर्जा खर्च करून सोडियम सतत बाहेर उपसते आणि पोटॅशियम आत घेते, त्यामुळे पडद्याच्या दोन बाजूंमध्ये मोठी तफावत साठून राहते; विश्रांतीत असलेल्या चेतापेशीत ती साधारण ७० मिलिव्होल्ट भरते. कोयनेच्या जलाशयात साठलेल्या पाण्यासारखाच हा साठा असून वाहिन्या म्हणजे त्याचे दरवाजे. धरणाचे दरवाजे किती फुटांनी उचलले ही बातमी ऐकून आयर्विन पुलाची पाणीपातळी पाहायला जाणाऱ्या सांगलीकरांना, दरवाजा वेळेवर खाली येणे किती मोलाचे असते, हे वेगळे सांगायला नको.

चेतापेशीत संदेश निघतो तेव्हा सोडियमच्या वाहिन्या उघडतात आणि जेमतेम एक मिलिसेकंदात स्वतःहून मिटतात. पाठोपाठ पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात व पेशी पूर्वपदावर येते. लाल विंचवाच्या विषातील काही विषद्रव्ये सोडियम वाहिनीला चिकटून तिचे मिटणे लांबवतात. त्याच विषातील आणखी एक द्रव्य, १९९० मध्ये वेगळे काढलेले ३७ अमिनो आम्लांचे इबेरिओटॉक्सिन, पोटॅशियमच्या एका प्रकारच्या वाहिन्या बुजवते. आत येण्याची वाट उघडी आणि सावरण्याची वाट बंद, अशा कात्रीत सापडलेल्या चेतातंतूंतून संदेशांचा भडिमार होतो, ॲड्रेनलिनसारखी रसायने शरीरभर उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावरचा भार असह्य होऊन फुप्फुसांत पाणी साचू लागते. गार पडलेले हातपाय ही त्या आवळलेल्या रक्तवाहिन्यांचीच खूण होय.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात या रुग्णांसाठी प्राझोसिन हे औषध वापरात आणले. हे औषध वाहिन्यांना हातही लावत नाही. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करून ते हृदयावरचा भार उतरवते. विष निष्प्रभ करण्याचे काम प्रतिविषाचे आहे, आणि दोन्ही एकत्र दिल्यास रुग्ण नुसत्या प्राझोसिनपेक्षा लवकर सावरतात, असे महाडमध्येच झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले.

एवढ्या सूक्ष्म दाराचा अभ्यास कसा केला, असा प्रश्न साहजिकच पडतो. एर्विन नेहर आणि बर्ट झाकमान यांनी १९७६ मध्ये काचेच्या अतिशय बारीक नळीचे टोक पेशीच्या पडद्यावर टेकवून एकेका वाहिनीतून जाणारा प्रवाह मोजून दाखवला. तो अँपिअरच्या काही लाख कोटीव्या भागांइतकाच असतो. १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी पोटॅशियम वाहिनीची रचना उलगडली, आणि एक जुने कोडे सुटले. सोडियमचा आयन पोटॅशियमच्या आयनापेक्षा लहान असतो, तरीही पोटॅशियमची वाहिनी त्याला आत घेत नाही. पाण्यात प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे वेष्टन असते. वाहिनीच्या अरुंद भागातील ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसलेले असतात, की वेष्टन उतरवलेल्या पोटॅशियमला ते पाण्याइतकाच आधार देतात. लहान सोडियम त्या सर्वांपर्यंत एकदम पोहोचत नाही, म्हणून पाणी सोडून आत शिरणे त्याला परवडत नाही. मला स्वतःला जीवशास्त्रात याहून देखणी कारागिरी क्वचितच आढळली आहे.

विंचवाचे राहू द्या, घरातल्या औषधांच्या डब्यातही या वाहिन्यांशी खेळणाऱ्या गोळ्या असतात. रक्तदाबावरची ॲम्लोडिपिन कॅल्शियमच्या वाहिन्या अडवून रक्तवाहिन्या सैल करते. मधुमेहावरची ग्लिमेपिराइड स्वादुपिंडातील पेशींच्या एका पोटॅशियम वाहिनीवर काम करते. एरवी रक्तात साखर वाढली की ही वाहिनी मिटते, त्यामुळे पेशीत कॅल्शियम शिरते आणि इन्सुलिन बाहेर पडते. गोळी मात्र साखर वाढण्याची वाट न पाहताच वाहिनी मिटवते. लोणंद-फलटणच्या वाटेवर ही गोळी घेऊन एकादशीचा कडक उपवास करत चालणाऱ्या वारकऱ्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, ती याच कारणाने. डोस कसा बदलायचा हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

ही दारे जन्मतःच सदोष असू शकतात. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये क्लोराइडची वाहिनी बिघडते आणि फुप्फुसांतला स्राव घट्ट होतो. त्याहून विलक्षण गोष्ट आहे ती तान्ह्या बाळांच्या मधुमेहाची. काही बाळांत वर सांगितलेली पोटॅशियम वाहिनीच जनुकीय दोषामुळे उघडी राहते, त्यामुळे साखर कितीही वाढली तरी इन्सुलिन सुटत नाही. हे २००४ मध्ये उघड झाले. अशा रुग्णांना तोवर आयुष्यभर इन्सुलिनची सुई टोचून घ्यावी लागे. ग्लिमेपिराइडच्याच गटातील गोळ्या दिल्यावर ४९ पैकी ४४ जणांचे इन्सुलिन बंद करता आले, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणूनच वयाच्या पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह आढळलेल्या बाळाची जनुकीय तपासणी करून घ्यावी, असे आता सांगितले जाते.