गर्दऐवजी गोळी

एर्न्स्ट फॉन फ्लाइश्ल-मार्क्सो हा व्हिएन्नातला शरीरक्रियाशास्त्रज्ञ. प्रयोगशाळेत जखम चिघळून त्याचा अंगठा कापावा लागला. मागे राहिलेल्या कळा सोसेनात म्हणून त्याने मॉर्फिन धरलं. १८८४ मध्ये त्याच्या एका तरुण डॉक्टर मित्राने, म्हणजे सिग्मंड फ्रॉइडने, मॉर्फिन सुटावं म्हणून त्याला कोकेन दिलं. पुढे तो दोन्ही घेऊ लागला आणि १८९१ मध्ये गेला.

त्यामुळे गर्दच्या व्यसनावरच्या उपचारात ब्यूप्रेनॉर्फिन या गोळीचं नाव निघालं की घरचे 'हे सोडवून ते लावताय का?' असं विचारतात, तेव्हा मला तो अडाणीपणा वाटत नाही. शरीराला या गोळीची सवय लागते का? लागते. एकदम थांबवली तर त्रास होतो.

पण मेंदूत काय घडतं ते पाहा. गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉइन. त्याचा अंमल काही तासांत उतरतो आणि टर्की सुरू होते: नाक-डोळे वाहतात, जुलाब होतात, हाडं मोडल्यासारखं अंग दुखतं. दिवसातून अनेकदा हाच फेरा, आणि त्यापायी उधाऱ्या, चोऱ्या. गर्द मेंदूतल्या ज्या जागांवर काम करतं, त्याच जागांना ब्यूप्रेनॉर्फिन जास्त घट्ट चिकटतं, मात्र त्यांना अर्धवटच चालू करतं. जिभेखाली ठेवलेली गोळी साधारण दिवसभर पुरते. डोस वाढवत नेला तरी श्वास मंदावण्याचा परिणाम एका पातळीनंतर फारसा वाढत नाही. याच उपचारातल्या मेथाडोन या दुसऱ्या औषधाला असा अडसर नाही, म्हणून त्याचा डोस फार जपून ठरवावा लागतो.

सकाळी गोळी घेऊन कामावर जाणारा आणि संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेणारा माणूस गोळीवर अवलंबून आहे, हे खरं. व्यसनात मात्र माणसाचा स्वतःवरचा ताबा जातो. नुकसान दिसत असूनही तो थांबू शकत नाही. या दोन गोष्टींना आपण सर्रास एकच शब्द वापरतो, तिथेच घोळ होतो.

गोळी निरुपद्रवी आहे, असं मात्र नाही. हेच औषध इंजेक्शनच्या रूपात आपल्याकडे नशेसाठी वापरलं गेलं आहे. म्हणून गोळीत बऱ्याचदा नॅलोक्सोन हे अशा नशेचा अंमल तोडणारं औषध मिसळतात: जिभेखालून ते फारसं शोषलं जात नाही, पण कुणी गोळी विरघळवून टोचून घेतली तर टर्की आणू शकतं. आणि दारू किंवा झोपेच्या गोळ्या जोडीला आल्या, तर श्वासाचा तो अडसर भरवशाचा राहत नाही.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती घाईची. चार-सहा महिने बरे गेले की कुणीतरी म्हणतं, 'आता कशाला हवी गोळी?' डोस हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवायचा असतो. काहींना तो वर्षानुवर्षं लागतो. मध्येच गोळी तोडली तर ओढ परत येते, पण गर्द सोसण्याची शरीराची जुनी ताकद उतरलेली असते. पूर्वी रोज पचणारी पुडी मग जीव घेऊ शकते.