न्यू पॉल्ट्झचे ड्युबॉईस : ह्यूगेनो वंशावळीची कागदोपत्री आणि जनुकीय तपासणी

अमेरिकेतील अनेक जुन्या घराण्यांत अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे की, आपला मूळपुरुष ह्यूगेनो, म्हणजे कॅल्व्हिनपंथी फ्रेंच प्रॉटेस्टंट होता आणि १६८५ मध्ये चौदाव्या लुईने नांतचा आज्ञापट रद्द केल्यावर तो फ्रान्समधून कसाबसा निसटला. १५९८ मध्ये चौथ्या हेन्रीने या पंथाला दिलेले संरक्षण त्या वर्षी संपले आणि त्यानंतर दीड ते दोन लाख लोकांनी देश सोडला, हे खरेच आहे. मात्र त्यांतील बहुतेक जण हॉलंड, इंग्लंड, स्वित्झर्लंड आणि जर्मन संस्थानांतच स्थायिक झाले. अटलांटिक ओलांडणारे थोडेच होते. त्यामुळे वंशावळीचा अभ्यासक ‘१६८५ साली आलो’ हे वाक्य पुरावा म्हणून स्वीकारत नाही, ते तपासायचे विधान म्हणून बाजूला लिहून ठेवतो.

हे विधान किती फसवे ठरू शकते हे न्यूयॉर्क राज्यातील न्यू पॉल्ट्झ गावाच्या इतिहासावरून कळते. १६७७ मध्ये बारा जणांनी इसोपस जमातीकडून तेथील जमीन विकत घेतली, त्याच वर्षी गव्हर्नर एडमंड अँड्रॉस याच्याकडून सुमारे ४०,००० एकरांची सनद मिळवली आणि पुढच्या वर्षी वस्ती केली. म्हणजे आज्ञापट रद्द होण्याच्या सात वर्षे आधीच हे ह्यूगेनो गाव वसलेले होते. सनदधारकांतील प्रमुख लुई ड्युबॉईस हा लील शहराजवळच्या विक्र गावचा होता, आणि त्याच्या जन्माच्या वेळी तो मुलूख फ्रान्सच्या नव्हे, तर स्पेनच्या राजाच्या ताब्यात होता. लुई तेथून जर्मनीतील पॅलॅटिनेट प्रांतात गेला, १६५५ मध्ये मानहाइमच्या फ्रेंच चर्चमध्ये कॅथरिन ब्लांशानशी त्याचा विवाह नोंदला गेला, दोन मुलगे तेथे जन्मले आणि १६६० च्या सुमारास हे कुटुंब हडसन नदीच्या काठी, आजच्या किंग्स्टनजवळ पोहोचले. वंशजांनी केवळ फ्रान्समधील १६८५ चे कागद चाळत बसायचे ठरवले असते, तर त्यांच्या हाती काहीही लागले नसते.

याच कुटुंबाची एक आख्यायिका फार लोकप्रिय आहे. १६६३ मध्ये इसोपस योद्ध्यांनी वस्तीवर हल्ला करून कॅथरिनसह अनेक बायकामुलांना पकडून नेले. तिला चितेवर चढवण्यात आले तेव्हा तिने बायबलमधील एक स्तोत्र गायले, ते ऐकून शत्रू थबकले आणि तेवढ्यात सुटका करणारे सैनिक येऊन पोहोचले, अशी ही कथा आहे. हल्ला, अपहरण आणि सुटका या तिन्ही गोष्टी समकालीन कागदांत आहेत. परंतु सुटकेच्या मोहिमेचा प्रमुख मार्टिन क्रेगिअर याने ठेवलेल्या दैनंदिनीत चितेचा उल्लेख नाही. कौटुंबिक कथेचा गाभा खरा आणि कळस मागाहून चढवलेला, हा प्रकार या क्षेत्रात इतका नित्याचा आहे की अनुभवी अभ्यासक कथेतील सर्वांत नाट्यमय भागाकडेच आधी संशयाने पाहतात.

फ्रान्सकडचा कागद मिळणे अवघड का जाते, याचे कारण राजसत्तेच्या धोरणात आहे. १६८५ नंतर प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांना हद्दपार करण्यात आले, त्यांची प्रार्थनामंदिरे पाडली गेली आणि त्यांच्या विवाहांना व जन्मांना कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वच उरले नाही. ही स्थिती १७८७ च्या सहिष्णुता आज्ञापटापर्यंत कायम होती. अशा वेळी छळ करणाऱ्यांनीच लिहून ठेवलेली कागदपत्रे उपयोगी पडतात. पळून गेलेल्यांची मालमत्ता सरकारजमा करताना अधिकाऱ्यांनी कोणाचे घर, कोणाची शेती, वारस कोण, याची बारकाईने नोंद केली. फ्रान्सच्या राष्ट्रीय पुराभिलेखागारात प्रॉटेस्टंटांच्या मालमत्तेचे असे दस्तऐवज ‘टीटी’ या मालिकेत जपलेले आहेत. दबावाखाली धर्म बदलणाऱ्यांच्या शपथांच्या नोंदीही अशाच कामी येतात. प्रवासाच्या वाटेवरील दुवा लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरील फ्रेंच चर्चच्या दप्तरात सापडण्याचा संभव असतो, कारण नव्याने येणारा सदस्य आधीच्या चर्चकडून आणलेले ओळखपत्र तेथे सादर करत असे.

अमेरिकेत पोहोचल्यावर नावांची अडचण सुरू होते, कारण नोंद करणारा कारकून किंवा पाद्री डच अथवा इंग्रज असे आणि जसे कानावर पडेल तसे लिही. बोदुएँचे बोडन, द लानोयचे डेलानो, फ्रेअरचे फ्रिअर अशी रूपांतरे झाली. यांपैकी सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बॉस्टनच्या रिव्हिअर घराण्याचे आहे. आपोलोस रिव्हवार नावाचा मुलगा नैर्ऋत्य फ्रान्समधील सँत-फ्वा-ला-ग्रांदच्या परिसरातून तेरा-चौदा वर्षांचा असताना बॉस्टनला आला आणि जॉन कोनी या सोनाराकडे उमेदवारी करू लागला. १७२२ मध्ये कोनी मरण पावला तेव्हा त्याच्या मालमत्तेच्या मोजदादीत या मुलाच्या कराराची उरलेली सुमारे साडेतीन वर्षे ३० पौंड किमतीची म्हणून लिहिली गेली. त्या नोंदीत त्याचे पहिले नाव पॉल असे आहे; पुढे आडनावही बदलून रिव्हिअर झाले. त्याचा मुलगा म्हणजे अमेरिकन क्रांतीतील पॉल रिव्हिअर. या मुलाने फ्रान्समधील आणि गर्न्झी बेटावरील चुलत नातेवाइकांशी केलेला पत्रव्यवहार उपलब्ध नसता, तर दोन आडनावांमधील सांधा जुळवणे बरेच जिकिरीचे झाले असते.

त्या मानाने डच चर्चच्या नोंदवह्या अभ्यासकांवर मेहेरबान आहेत. डच रिवाजानुसार विवाहित स्त्री माहेरच्या नावानेच नोंदली जाई आणि प्रत्येक बाप्तिस्म्यापुढे साक्षीदारांची नावे लिहिली जात. हे साक्षीदार बहुधा आजी-आजोबा, मामा, आत्या असेच असल्याने एका ओळीतून अर्धे गोत उलगडते. तारखांच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. ब्रिटिश वसाहतींत १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई आणि दिनदर्शिका युरोपच्या बऱ्याच भागापेक्षा दहा, नंतर अकरा दिवस मागे होती. त्यामुळे फेब्रुवारी १७०१ असे लिहिलेला जन्म आजच्या गणनेने १७०२ चा ठरतो, आणि हे लक्षात न घेतल्यास विवाहापूर्वीच मूल जन्मल्याचा नाहक ठपका एखाद्या जोडप्यावर येतो.

कागद संपतात तेथे आता डीएनएची मदत घेतली जाते. वाय गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते आणि आडनावही त्याच वाटेने जात असल्याने दोहोंची सांगड घालता येते. न्यू पॉल्ट्झच्या सनदधारकांतील आब्राहम आणि जाँ हासब्रुक हे बंधू होते. दोघांच्या आजच्या सरळ पुरुषवंशजांचे वाय गुणसूत्र किरकोळ उत्परिवर्तने वगळता जुळले, तर मधल्या तीन शतकांत दोन्ही शाखांत पितृत्वाची साखळी तुटलेली नाही असे म्हणता येते. न जुळल्यास कोठे तरी दत्तकविधान, अनौरस जन्म किंवा वंशावळीतील चूक आहे, एवढेच कळते; ती कोणत्या पिढीत आहे हे शोधण्यासाठी आणखी भाऊबंदांची चाचणी करावी लागते.

बाजारात अधिक खपणारी चाचणी सर्व गुणसूत्रांची असते, आणि ह्यूगेनो पूर्वजाच्या शोधात तीच सर्वांत कमी उपयोगी आहे, असे माझे मत आहे. दर पिढीला पूर्वजाचा वाटा सरासरीने निम्मा होतो, म्हणून दहा पिढ्या मागच्या १,०२४ पूर्वजांपैकी प्रत्येकाचा वाटा एक सहस्रांशाहून कमी भरतो. त्यातही डीएनए मोजक्या तुकड्यांनी वारशात येत असल्यामुळे त्या पिढीतील जवळपास निम्म्या पूर्वजांचा एकही तुकडा आपल्यात उरलेला नसतो. न्यू पॉल्ट्झमध्ये आणखी एक गुंता आहे. तेथील बारा सनदधारकांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत सोयरिकी करत राहिली, त्यामुळे तोच पूर्वज वंशवृक्षात अनेक ठिकाणी येतो आणि दूरचा नातेवाईक चाचणीत जवळचा भासतो. शिवाय फ्रान्समध्ये कुतूहलापोटी अशी चाचणी करून घेणे बेकायदा असून त्यासाठी ३,७५० युरो दंडाची तरतूद आहे. परिणामी तुलनेसाठी फ्रेंच नमुने तुटपुंजे पडतात. आणि कोणतेही गुणसूत्र पूर्वजाचा पंथ सांगू शकत नाही. त्याचा कॅथलिक शेजारीही जनुकीयदृष्ट्या तसाच असणार.

कागद आणि डीएनए या दोहोंच्या मर्यादा डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस या कृष्णवर्णीय विचारवंतांच्या वंशावळीत एकत्र दिसतात. लुईचे वडील क्रेतियँ ड्युबॉईस यांच्यापर्यंत त्यांनी आपली वंशरेषा नेली होती. त्यांचे पणजोबा जेम्स हे न्यूयॉर्ककडचे श्वेतवर्णीय ड्युबॉईस असून बहामा बेटांवर त्यांची जमीन होती. तेथे कृष्णवर्णीय स्त्रीपासून झालेला अलेक्झांडर हा पुत्र त्यांनी शिक्षणासाठी कनेक्टिकटला आणला, परंतु जेम्स यांच्या मृत्यूनंतर श्वेत कुटुंबाने त्याला वारसा नाकारला. जेम्स, अलेक्झांडर, आल्फ्रेड आणि डब्ल्यू. ई. बी. ही सलग पितृपरंपरा असल्याने वाय गुणसूत्राच्या तुलनेसाठी ती आदर्श ठरली असती. पण त्यांचा एकुलता एक मुलगा १८९९ मध्ये बालपणीच वारला आणि वंश पुढे चालला तो कन्या योलांडे हिच्याकडून. त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या शाखेत ही चाचणी होणे शक्य नाही. ती करायची तर अलेक्झांडरच्या एखाद्या अन्य पुत्राची पुरुषशाखा आज हयात असल्याचे आधी कागदोपत्रीच सिद्ध करावे लागेल.