‘आफ्रिकन भिंगरी’ नेमकी कुठली?

‘आफ्रिकन भिंगरी ही पक्ष्यांची एकच जात आहे आणि ती स्थलांतर करत नाही.’ एका जुन्या इंग्रजी विनोदी चित्रपटामुळे पसरलेलं हे वाक्य आता सामान्यज्ञान म्हणून फिरतं. त्यातलं काहीच खरं नाही.

आफ्रिकेत भिंगऱ्यांच्या अनेक जाती आहेत. पांढऱ्या गळ्याची भिंगरी दक्षिण आफ्रिकेत वीण करते आणि तिथला हिवाळा आला की अंगोला, झांबियाकडे जाते. पोलादी निळी भिंगरी दक्षिणेकडच्या डोंगराळ गवताळ भागातून युगांडा-केनियाकडे सरकते. स्थलांतर म्हणजे युरोपची वारीच, असं कुणी ठरवलं?

ओळखण्यातली खरी गफलत पश्चिम आफ्रिकेत होते. तिथे युरोपातून आलेली माळभिंगरी आणि तिथलीच तांबड्या छातीची भिंगरी एकत्र दिसू शकतात. लांब शेपटीवर विसंबू नका. माळभिंगरी पिसं आफ्रिकेतच बदलते, त्यामुळे शेपटी अर्धवट असू शकते. गळ्याखाली बघा. माळभिंगरीचा काळा पट्टा रुंद आणि सलग असतो. स्थानिक भिंगरीचा तांबडा रंग छातीवर उतरतो, पट्टा अरुंद असतो. अंगोलन भिंगरीतही तांबडा असाच उतरतो, पण तिचं पोट राखाडी-तपकिरी, मळकट.

कधी नकाशाच पुरतो: पांढऱ्या शेपटीची भिंगरी दक्षिण इथिओपियात याबेलो-मेगाच्या आसपासच सापडते. उलट महाराष्ट्रात पुलांखाली घरटी करणारी तारवाली भिंगरी आफ्रिकेतही दूरवर पसरलेली आहे. तांबूस टोपी, पांढराशुभ्र गळा, पट्टा नाहीच.