नकाशावरची सरळ रेघ म्हणजे सर्वांत जवळची वाट नव्हे

दोन विमानतळ नकाशावर पट्टीने जोडायचे, सेंटिमीटर मोजून प्रमाणाने गुणायचं, की झालं अंतर, हा समज शाळेपासून डोक्यात घट्ट बसलेला असतो. शेजारच्या शहरांपुरतं ते चालून जातं. समुद्रापलीकडच्या विमानतळांसाठी साफ चुकतं.

सिडनी आणि चिलीची राजधानी सांतियागो घ्या. दोन्ही साधारण ३४ अंश दक्षिणेला. त्याच अक्षांशावरून पॅसिफिक ओलांडला तर अंतर भरतं सुमारे १२,७७० किमी. आता पृथ्वीगोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा घट्ट ताणा. तो आपोआप खाली सरकतो, थेट ६२ अंश दक्षिणेपर्यंत, अंटार्क्टिकाच्या दिशेने! हीच खरी जवळची वाट: सुमारे ११,३४० किमी. किती मोठा फरक आहे बघा.

कारण साधं आहे. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर १११ किमीचा, तर ६० अंशांवर त्याच्या निम्मा. भिंतीवरचा नेहमीचा नकाशा मात्र दोन्ही सारखेच रुंद दाखवतो.

म्हणून अक्षांश-रेखांश घेऊन गोलावरच्या सूत्राने अंतर काढा. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने त्यातही अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते. प्रत्यक्षात विमान वारा आणि हवामान पाहून वळतं, तेव्हा उडालेलं अंतर याहून थोडं जास्तच असतं.