डीमॅटमध्ये आलेला ‘आरई’ म्हणजे शेअर नव्हे

राइट्स इश्यू, म्हणजे कंपनीने आपल्याच भागधारकांना देऊ केलेले नवे शेअर, आला की डीमॅट खात्यात एक नवी ओळ उगवते: कंपनीचं नाव आणि पुढे ‘आरई’. शेअर आले असं समजून बरेच जण निवांत होतात. इश्यू संपतो, ओळ गायब होते आणि मग ब्रोकरला फोन जातो.

आरई म्हणजे राइट्स एन्टायटलमेंट, ठरलेल्या भावाने नवा शेअर मागण्याचा नुसता हक्क. शेअर येतो तो अर्ज, पैसे आणि वाटप झाल्यावर. कागदाच्या काळात ही गल्लत होत नसे. पोस्टाने फॉर्म यायचा, हक्क सोडायचा तर त्यातलाच रकाना भरून द्यायचा. तो कागद म्हणजे शेअर सर्टिफिकेट नाही, हे कुणालाही दिसायचं. सेबीच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकानंतर हक्कही डीमॅटमध्ये आला, स्वतःचा वेगळा आयएसआयएन (ओळख क्रमांक) घेऊन.

रिलायन्सचा मे २०२० चा इश्यू घ्या. दर १५ शेअरमागे १, भाव १,२५७ रुपये, त्यातले ३१४.२५ अर्जासोबत. ज्याच्याकडे ३० शेअर, त्याच्या खात्यात २ आरई आपोआप जमा. शेअर मात्र आपोआप नाहीत: त्यासाठी अस्बाने, म्हणजे वाटप होईपर्यंत आपल्याच बँक खात्यात ६२८.५० रुपये अडकवून, अर्ज करायचा, नाहीतर इश्यू बंद होताच आरई रद्द. (मिळालेला शेअरही अर्धवट पैसे भरलेलाच, बाकीची रक्कम २०२१ मध्ये दोन हप्त्यांत मागवली गेली.)

शेअर नको असतील तर आरई बाजारात विकता येतो, पण ती खिडकी आधी बंद होते. रिलायन्सच्या वेळी विक्री २९ मेपर्यंत होती, अर्ज ३ जूनपर्यंत. शेवटच्या दिवशी जाग आलेल्याला अर्ज जमतो, बाजारात विकणं नाही.

मला जास्त काळजी वाटते ती आरई विकत घेणाऱ्याची. समजा शेअर ५०० ला चाललाय, इश्यूचा भाव ४०० आणि सगळे पैसे अर्जासोबतच भरायचे आहेत. आरई शंभरच्या आसपास मिळेल. ‘शंभरात शेअर’ म्हणून हरखून गेला आणि अर्ज करायचा राहिला, तर ते शंभर गेलेच. अर्ज केला तर वर ४०० आहेतच. आणि तोच आरई १३० ला घेत असाल, तर त्यापेक्षा बाजारातून सरळ शेअर उचललेला स्वस्त पडतो.