मेणातून चालणारं बोलणं

निसर्गावरून सुचलेली इमारत म्हटली की आपण आधी आकार बघतो. पान, शंख, पंख. मिलानच्या २०१५च्या जागतिक प्रदर्शनातला ब्रिटनचा मंडप फोटोत पाहिला तर तुम्हीही ‘पोळ्यासारखा दिसतो’ म्हणून पुढे जाल. वुल्फगँग बट्रेस या कलाकाराची ती १७ मीटर उंच ॲल्युमिनियमची जाळी. पण मला भुरळ पडली ती तिच्या वायरिंगची. नॉटिंगहॅममधल्या एका नांदत्या मधपेटीत कंपनमापक बसवले होते. तिथे माश्यांची लगबग वाढली की इकडे जाळीतले सुमारे हजार एलईडी उजळत आणि आवाज चढत जाई.

माश्यांचं बरंचसं बोलणं हवेतून न जाता मेणातून जातं, म्हणून कंपनमापक. पोळ्यात मिट्ट काळोख आणि माशीला आपल्यासारखे कान नाहीत. तिच्या सहाही पायांत, गुडघ्याच्या जरा खाली, कंपनं टिपणारा अवयव असतो. षटकोनी कप्प्याची भिंत मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ, तोंडाशी मात्र जाडसर काठ. या काठांचं जाळं पोळंभर पसरलेलं असतं आणि माशी उभी असते ती त्यावरच. फुलांचा पत्ता सांगणारी माशी पोट हलवत नाचते, तेव्हा मधूनमधून सेकंदाला दोनशे ते अडीचशे कंपनं सोडते. हाच नाच झाकणबंद कप्प्यांपेक्षा उघड्या, रिकाम्या कप्प्यांवर झाला तर जास्त माश्या त्या फुलांकडे निघतात.

राणीचं तर विलक्षणच. कोठडीतून पहिली सुटलेली तरुण राणी छाती मेणाला टेकवते आणि पंख न पसरता उड्डाणाचे स्नायू थरथरवते: एक लांब सूर, मग तुटक तुटक. अजून कोठडीत असलेल्या राण्या आखूड सुरांत उत्तर देतात. बाहेरचा सूर चालू आहे तोवर कामकरी माश्या दुसरीला सोडत नाहीत.

मधमाश्या संपल्या की माणूस चार वर्षांत संपेल, हे वाक्य आइन्स्टाइनच्या नावावर फिरतं. तो असं म्हणाल्याचा पुरावा नाही, आणि गहू-भाताला परागणासाठी मधमाशी लागत नाही. फळं, तेलबिया, भाज्या यांचं नुकसान खरोखर मोठं असेल. तेवढं सांगितलं तरी पुरे.

२०१६ साली ही जाळी लंडनच्या क्यू उद्यानात आली. तिच्याखाली एक सोय होती: कंपनं देणाऱ्या खाचेत लाकडी काडी टेकवायची, दुसरं टोक दातांत धरायचं आणि कान बंद करायचे. राणीचा सूर दात आणि कवटीतून थेट अंतर्कर्णात पोचतो.